जोडीदाराचं मोठं आजारपण, येशूवरची नवी श्रद्धा आणि ‘स्वाधीन करणं’: रोजच्या दिवसात नेमकं काय करायचं?

तेलवात (धागाकर्ती)

परळला टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर, माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनात (नऊ बुधवार करायच्या प्रार्थनेत), वांद्र्याला माउंट मेरीच्या पायऱ्यांवर अशी पुष्कळ मराठी माणसं दिसतात, ज्यांचा नवरा किंवा बायको मोठ्या आजाराने अंथरुणाला खिळली आहे आणि जी या काळात पहिल्यांदाच येशूपाशी येऊन बसली आहेत. त्यांना आठवड्याभरात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : “सगळं प्रभूच्या स्वाधीन करा.” वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. सकाळी सहाला उठल्यावर स्वाधीन काय करायचं? गोळ्यांचा डबा? बायोप्सीचा रिपोर्ट? की नवऱ्याने दोन घास खावेत म्हणून चाललेली धडपड? हे कोणी सांगत नाही, म्हणून हा धागा. माहीतगारांनी इथे उपयोगाचं तेवढं लिहावं. स्वतःच्या घरच्या कहाण्या नकोत; ज्याला आज रात्री वाचायचंय त्याच्याकडे वेळ कमी आहे.

सुरुवात बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानापासून करते, अध्याय १४, वचन ३६. गेथशेमानेच्या बागेत येशू आधी मागतो, की हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर. त्यानंतर म्हणतो, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. अनेक जण पहिला अर्धा भाग गिळून थेट दुसऱ्यावर उडी मारतात, कारण मागणं म्हणजे श्रद्धा कमी असं त्यांना वाटतं. तसं केलं की आतली भीती तशीच राहते आणि मग मध्यरात्री मोबाइलवर आजाराच्या माहितीत उतरते. आधी स्पष्ट शब्दांत मागायचं, नाव घेऊन : “हिची गाठ कमी होऊ दे.” मग सोडायचं.

सोडायचं काय, हे ठरवायला एक साधी वही पुरते. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे आपल्या हातातलं : गोळ्यांच्या वेळा, तापाची नोंद, पुढची तारीख, फाइल नंबर, हॉस्पिटलच्या स्मार्ट कार्डात भरलेल्या पैशांची शिल्लक, डॉक्टरांना विचारायचे तीनच प्रश्न (दहा नेले तर सातांची उत्तरं लक्षात राहत नाहीत). उजवीकडे आपल्या हातात नसलेलं : स्कॅनमध्ये काय दिसेल, औषध लागू पडेल का, दीर काय म्हणतील, किती दिवस आहेत. डावीकडचं काम झालं की टिक करायची. उजवीकडचं रात्री मोठ्याने वाचायचं, “हे तुझं” म्हणायचं आणि वही मिटायची. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा उजवीकडे लिहावं लागेल. त्यात हरल्यासारखं काही नाही, स्वाधीन करणं रोजचंच असतं.

चूक होते ती रकाने बदलण्यात. उजवीकडचं डावीकडे ओढलं की माणूस रिपोर्ट येईपर्यंत दर तासाला लॅबला फोन करतो. डावीकडचं उजवीकडे ढकललं तर त्याहून वाईट. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या दिवसांत ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला की ती तातडी समजायची, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही, कारण ताप दबतो, संसर्ग दबत नाही. आधी टॅक्सी बोलवा, प्रार्थना टॅक्सीत करा.

गिरगाव_नाका

चांगला धागा. एक प्रश्न लगेच विचारतो. नोव्हेनाचे नऊ बुधवार सलगच लागतात का? केमोची तारीख बुधवारी आली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून?

माहीमची_मेणबत्ती

नाही, पुन्हा पहिल्यापासून नाही. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये हा नोव्हेना १९४८ पासून दर बुधवारी चालू आहे, दिवसभरात मराठीसह अनेक भाषांत. कोणी कधीही सुरू करावा, कधीही थांबावा. नवाचा आकडा येतो प्रेषितांच्या कृत्यांतून. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र आत्मा येईपर्यंत शिष्य आणि मरीया एकत्र प्रार्थना करत थांबले (१:१४), ते नऊ दिवस. म्हणजे मुळात ती वाट पाहण्याची प्रार्थना आहे. कराराची मुदत नाही.

आपल्याकडे गोंधळ होतो तो नवसामुळे. नवसाची भाषा आपल्या तोंडात इतकी बसलेली असते, की येशूपाशी आल्यावरही “तू हिला बरं कर, मी अमुक करीन” हेच बाहेर पडतं. माउंट मेरीला मेणाचे हात, पाय, हृदय वाहतात, तेही अनेक जण किंमत समजून वाहतात. वाहायला हरकत नाही. “दुखतंय ते इथे आहे” असं दाखवणं म्हणून वाहिलं तर ती सुंदर प्रार्थना आहे. पण “दिलं, आता तू दे” असा हिशेब झाला तर बुधवार चुकल्याची, मेणबत्ती विझल्याची भीती मागे लागते. आजारात आधीच भीती पुरेशी असते.

आणि केमोच्या बुधवारी केमोच्या खुर्चीशेजारी बसून तीच प्रार्थना म्हटली तरी तो नोव्हेनाच. जोडीदाराला गर्दीत मात्र नेऊ नका. पेशी कमी असताना माहीमची बुधवारची गर्दी धोक्याची आहे.

परळ_रात्रपाळी

नर्सिंगच्या बाजूने चार गोष्टी. श्रद्धेच्या नावाखाली वॉर्डात आणि घरी सर्वात जास्त त्रास याच चार जागी होतो, म्हणून लांबण लागली तरी लिहिते.

पहिली, जेवण. आजार पुढे गेला की भूक जाते. तो आजाराचाच भाग असतो, तुमच्या स्वयंपाकाचा किंवा प्रेमाचा दोष नाही. बळजबरीने भरवलं की उलटी होते, ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. ताट भरून आणू नका. वाटीत दोन चमचे पेज, मऊ भात-वरण किंवा दही, दर दोन तासांनी विचारायचं, “नको” म्हटलं की उचलायचं. (पेशी फार कमी असताना दही द्यावं का, हे डॉक्टरांना विचारून.) तोंड कोरडं पडतं, तेव्हा ओल्या कापसाने ओठ पुसणं हे भरवण्याइतकंच मोठं काम आहे. ताबा सोडण्याचा सगळ्यात अवघड धडा चर्चमध्ये मिळत नाही, तो ताटापाशी मिळतो.

दुसरी, वेदना. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन बहुतेक वेळा दर चार तासांनी घड्याळ लावून देतात. दुखायला लागल्यावर द्यायचं, असं केलं की वेदना पुढे पळते आणि औषध मागे. पहिले दोन-तीन दिवस गुंगी वाटू शकते, मग कमी होते. बद्धकोष्ठता मात्र आपोआप जात नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध बरोबर लिहून घ्या. मनाने एकदम बंद करू नका. आणि “वेदना म्हणजे क्रूस, सोसू दे” असं कोणी म्हणत असेल तर ते चर्चची शिकवण सांगत नाहीत. पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच डॉक्टरांसमोर स्पष्ट केलं होतं, की वेदना कमी करायला औषध देणं योग्य आहे, त्याने गुंगी आली तरी. स्वतःच्या वेदनेचं काय करायचं ते रुग्ण ठरवेल. जोडीदाराने त्याच्या वतीने ती देवाला वाहायची नसते.

तिसरी, खरं सांगणं. “डॉक्टर, त्यांना काही सांगू नका” ही विनंती आपल्याकडे घराघरातून येते. मायेतून येते, पण तोही ताबाच आहे. रुग्णाला बहुतेक वेळा अंदाज असतो. मग दोघंही एकमेकांपासून लपवत एका खोलीत राहतात. खरं लादायचं नाही. इतकंच विचारायचं : “रिपोर्टबद्दल तुला किती जाणून घ्यायचंय? सगळं, थोडं, की मीच बघू?” उत्तर येईल तेवढंच सांगायचं, आणि आठवड्याने पुन्हा विचारायचं, कारण उत्तर बदलतं.

चौथी, प्रार्थनेचे व्हॉट्सॲप गट. रिपोर्टचे फोटो नाव आणि फाइल नंबरासकट फिरतात. रुग्णाला विचारल्याशिवाय काहीही पाठवू नका. प्रार्थनेला पहिलं नाव पुरतं.

लाटेवर

सगळं मान्य. पण थोडं खटकतंय. याकोब ५:१५ सरळ म्हणतो, की विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील आणि प्रभू त्याला उठवील. आपण इतकं सावध बोललो तर देव बरं करतो यावरचा विश्वासच पातळ होत नाही का? ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ ही पळवाट होते कधीकधी.

उपासना_भायखळा

@लाटेवर, प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट लिहितो.

त्या वचनात ‘वाचवील’साठी मूळ ग्रीक क्रियापद ‘सोझो’ आहे. त्याचा अर्थ बरं करणं असाही होतो आणि तारणं असाही. याकोबाने बरं होण्याचं दार उघडं ठेवलंय, तारीख दिलेली नाही. आदल्या वचनात तो मंडळीच्या वडिलांना (म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना) घरी बोलवा, तेल लावा असं सांगतो, म्हणजे एकट्याने श्रद्धेची शक्ती लावायची नाही, मंडळीने उचलायचं. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघे जण छप्पर उघडून खाली सोडतात. त्यांचा विश्वास पाहून येशू बोलतो. रुग्ण स्वतः काही बोलल्याचं तिथे लिहिलेलं नाही.

दुसरं, प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला (२ करिंथ १२:८-९). त्याने आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावी आजारी ठेवून पुढचा प्रवास केला (२ तीमथ्य ४:२०). आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला (१ तीमथ्य ५:२३). यातल्या कोणाचा विश्वास कमी होता, असं कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून “तुमची श्रद्धा कमी पडली” हे वाक्य आजारी माणसाच्या घरात उच्चारू नये. योहान ९:३ मध्ये “कोणाच्या पापामुळे हा आंधळा?” या प्रश्नाला येशू काय उत्तर देतो, तेही वाचावं. याचंही नाही, आईबापांचंही नाही.

मात्र मागताना हात आखडू नये, यात तुमच्याशी पूर्ण सहमत. लूक १८ मधली विधवा न्यायाधीशाचा पिच्छा पुरवते, तसं रोज मागावं. पण एक रेघ पक्की ठेवा. एखाद्या सभेत “गोळ्या बंद करा, डायलिसिस थांबवा, मगच देव काम करील” असं सांगितलं, किंवा बरं करण्याचे पैसे मागितले, की उठून निघायचं, परत जायचं नाही. आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तासांचं डायलिसिस ज्याला लागतं, त्याला एक आठवडा चुकणंही जिवावर बेतू शकतं. चमत्काराचा दावा करून फसवणं, पैसे उकळणं याविरुद्ध महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो कोणत्याही धर्माच्या माणसाला लागू होतो.

लाटेवर

हे पटलं. मंडळीने उचलायचं, हा मुद्दा विशेष.

तेलवात

कॅथलिक बायबलमध्ये यावर अजून एक पाठ आहे, सिराख ३८. तिथे वैद्याचा मान राख, औषध देवानेच पृथ्वीतून निर्माण केलं असं म्हटलंय. आजारात प्रार्थना कर आणि मग वैद्यालाही जागा दे, हाच क्रम तिथेही आहे. बायबल विकत घेताना लक्ष ठेवा : प्रॉटेस्टंट आवृत्तीत ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक आवृत्तीत ७३. सिराख ६६ च्या आवृत्तीत सापडणार नाही.

ओवी_अंबरनाथ

येशूवर श्रद्धा बसली, पण बाप्तिस्मा घेतला नाही, तर चालतं का? की आजार सुरू असताना लगेच घ्यावा? आणि जोडीदाराला हे मुळीच मान्य नसेल तर?

दीक्षावर्ग

@ओवी ताई, तीन प्रश्न आहेत, तीन वेगळी उत्तरं.

श्रद्धेला कोणाचा दाखला लागत नाही. मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) बसायला, प्रार्थना करायला, फादरांकडून आशीर्वाद घ्यायला बाप्तिस्मा लागत नाही. कम्युनियन (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) आणि रुग्णाला तेल लावण्याचा संस्कार मात्र बाप्तिस्मा झालेल्यांनाच. कम्युनियनच्या रांगेत छातीवर हातांची आडवी घडी केली तर बहुतेक ठिकाणी फादर आशीर्वाद देतात.

लगेच घ्यावा का, तर घाई करू नये. कॅथलिक पद्धतीत प्रौढांची तयारी टप्प्याटप्प्याने होते : चौकशीचा काळ, मग दीक्षार्थी म्हणून स्वीकार, मग उपवासकाळाच्या सुरुवातीला निवड, आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणात बाप्तिस्मा, दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार), पहिलं कम्युनियन एकत्र. ही रीत १९७२ मध्ये नव्याने घालून दिली. साधारण एक वर्ष धरून चला. सुरुवातीचं पाऊल म्हणजे आपल्या भागातल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) ऑफिसात जाऊन “प्रौढांचा वर्ग कधी असतो, मराठीत आहे का” एवढं विचारणं. घरी रुग्ण आहे हे पहिल्याच दिवशी सांगा, वेळा जुळवून देतात. प्रॉटेस्टंट बाजूला, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे सीएनआयच्या मराठी मंडळ्यांत पाळकांना भेटायचं, तिथेही तयारीचा वर्ग असतो.

थांबण्यामागे कारण आहे. भीतीच्या शिखरावर घेतलेला निर्णय पुढे माणूस पाळतो, पण त्याच्यावर रागावतोही. जोडीदार बरा झाला तर “सौदा झाला”, नाही झाला तर “फसलो”, असं मनात बसू शकतं. दोन्ही निकालांनंतर येशूजवळ राहायचंय का, हे शांतपणे विचारायला वर्ष कमी पडत नाही.

जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा कोणीही, ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा, चर्चचा हेतू मनात धरून डोक्यावर पाणी ओतत पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकतो. पण प्रौढ माणसाने स्वतः तशी इच्छा दाखवलेली हवी. जोडीदार बेशुद्ध आहे, आधी कधी म्हणाला नव्हता, आणि आपण गुपचूप पाणी लावायचं, हे चालत नाही. तो संस्कार होत नाही, त्या माणसाच्या विवेकावर अतिक्रमण होतं. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी रुग्णावर न विचारता हात ठेवून प्रार्थना करणंही याच जातीचं. आधी विचारा. “नको” आलं तर हसून पाणी आणून द्या.

आता जोडीदाराचा विरोध. १ करिंथ ७:१२-१४ मध्ये पौल सांगतो, की विश्वास न ठेवणारा जोडीदार सोबत राहायला राजी असेल तर त्याला सोडू नये. १ पेत्र ३:१ त्याही पुढे जातं : शब्द न बोलता, वागण्याने. खाटेवरच्या माणसाला पळून जाता येत नाही, म्हणून त्याच्यासमोर उपदेश करणं अन्यायाचं आहे. कवी ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंनी घेतला नव्हता. पुढे काही वर्षांनी त्यांनी स्वतःच्या विचाराने घेतला. मधल्या काळात दोघांनी काय सोसलं ते मराठी वाचकांना ठाऊक आहे. धर्म जोडीदाराच्या हाताला धरून बदलता येत नाही. तोही वहीच्या उजव्या रकान्यातलाच.

आणि कायद्याचं रोखठोक, कारण नंतर धक्का बसतो. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराने धर्म बदलणं हे दुसऱ्यासाठी घटस्फोटाचं कारण होऊ शकतं. वारसाहक्क धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा जात नाही, पण त्यानंतर झालेल्या मुलांचा हिंदू नातेवाइकांच्या संपत्तीवरचा हक्क अडतो. धर्मांतरासंबंधीचे राज्याचे नियम त्या वेळचे काय आहेत, ते वकिलाकडून तपासून घ्या.

माहीमची_मेणबत्ती

ज्यांच्या घरी रुग्ण कॅथलिक आहे त्यांच्यासाठी फादरांना बोलवण्याची तयारी. ‘शेवटचा संस्कार’ या जुन्या नावाने घात केलाय. लोक इतके उशिरा बोलावतात, की रुग्णाला बोलताही येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर त्याला आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणतात. मोठ्या शस्त्रक्रियेआधी, आजार बळावल्यावर तो पुन्हाही घेता येतो. तेल कपाळाला आणि हातांना लावतात. हाताला सलाइनची सुई असेल किंवा कपाळाजवळ रेडिएशन चालू असेल तर फादरांना आधीच सांगा, गरज पडली तर ते शरीराच्या दुसऱ्या जागी लावू शकतात. रेडिएशनच्या त्वचेवर तेल लागू नये.

घरी छोटं टेबल, पांढरं कापड, क्रूस, पेल्यात थोडं पाणी. फादरांना किंवा कम्युनियन आणणाऱ्या सेवकाला हात धुवायला साबण आणि मास्क तयार ठेवा. गिळायला त्रास असेल तर अगदी छोटा तुकडा मागा. कम्युनियनआधीचा एक तासाचा उपवास आजाऱ्याला लागू नाही आणि त्याची काळजी घेणाऱ्यालाही नाही. हे अनेकांना माहीत नसतं, आणि रात्रभर जागलेली बाई सकाळी चहा घेतल्याबद्दल रांगेतून मागे सरते. चहा घ्या.

परळ_रात्रपाळी

वर घरच्या टेबलावर मेणबत्ती सांगितली नाही ते बरंच झालं, पण तरी लिहिते. खोलीत ऑक्सिजन सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर चालू असेल तर मेणबत्ती, समई, उदबत्ती काही नको. बॅटरीचा दिवा लावा.

गिरगाव_नाका

रिपोर्ट येईपर्यंतचे तीन-चार दिवस कसे काढायचे? प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत तेव्हा?

उपासना_भायखळा

शब्द उसने घ्या, स्तोत्रसंहिता त्यासाठीच आहे. स्तोत्र १३ फक्त सहा वचनांचं. पहिल्या दोन वचनांत चार वेळा “कोठवर?” विचारलंय. पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. ओपीडीच्या रांगेत टोकन लागेपर्यंत तीन-चारदा सहज होतं. भरवशाच्या ओळी खोट्या वाटत असतील त्या दिवशी पहिल्या चारच म्हणा. आणि अगदीच अंधार असेल तर स्तोत्र ८८. ते शेवटी उजेडात येत नाही, अंधारातच संपतं. तरीही ते बायबलमध्ये ठेवलंय, म्हणजे असं बोललेलं देवाला चालतं.

रात्री झोपण्याआधी संत इग्नेशियसची पद्धत, एरवी पंधरा मिनिटांची, इथे पाचच. देवाकडे प्रकाश मागायचा. आजच्या एका गोष्टीबद्दल आभार, कितीही लहान : शीर पहिल्या टोचणीत सापडली, शेजारणीने डबा आणला. मग दिवस डोळ्यांसमोरून न्यायचा आणि कुठे ताबा सोडता आला, कुठे तो घट्ट धरून समोरच्यावर खेकसलो ते बघायचं. माफी. उद्याच्या एकाच कामासाठी मागणं, परवाच्या नाही. मत्तय ६:३४ मध्ये उद्याची चिंता उद्यावर सोडायला सांगितलंय. गंभीर आजारात हा सल्ला व्यवहारानेही बरोबर आहे, कारण पुढच्या स्कॅननंतर सगळी योजना बदलू शकते.

मराठी माणसाला इथे अडखळायला होऊ नये. देवावर भार टाकण्याची भाषा आपल्या कानात वारकऱ्यांनी आधीच घातली आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ना. वा. टिळक म्हणत. जुने अभंग विसरावे लागत नाहीत. मराठी मंडळ्यांत टिळकांची भजनं आजही अभंगाच्या चालीवर गातात.

दीक्षावर्ग

आता जे कोणी लिहीत नाही ते. आजार बरा होण्यापलीकडे गेला तर ताबा सोडण्याचे कागदही असतात.

उपचारांची इच्छा आधी लिहून ठेवायची असेल, म्हणजे व्हेंटिलेटर हवा की नको वगैरे, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने ते मान्य केलंय आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली. दोन साक्षीदारांसमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन. निर्णय कोणी कळवायचा त्या माणसांची नावं त्यात असावी लागतात. लिहायचं रुग्णाने, शुद्धीत आणि स्वेच्छेने. जोडीदाराने त्याच्या वतीने नाही. अति जड आणि निष्फळ उपचार थांबवणं म्हणजे जीव घेणं नव्हे, हे कॅथलिक चर्चही मानतं. मुद्दाम मृत्यू घडवून आणायला मात्र ते कधीच मान्यता देत नाही.

कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यासाठी वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन आहे, १९८६ मध्ये सुरू झालेलं, देशातलं पहिलं हॉस्पिस (शेवटच्या दिवसांत वेदना आवरून शुश्रूषा करणारं केंद्र). धर्म विचारत नाहीत, पैसे घेत नाहीत. कर्करोगतज्ज्ञांचं पत्र आणि फाइल घेऊन आधी बोलून घ्या. तिथे नेणं म्हणजे हात वर करणं नव्हे. घरी रात्री तीनला वेदना आवरत नसेल तर तिथे ती आवरणारी माणसं आहेत.

अंत्यसंस्काराचं आधी बोला, नंतर दोन्हीकडचे नातेवाईक भांडतात. दीक्षार्थी म्हणून स्वीकारलेल्या माणसाला बाप्तिस्म्याआधी मरण आलं तरी चर्चमधून अंत्यविधी मिळतो. कॅथलिकांना दहनाची मोकळीक १९६३ पासून आहे, फक्त रक्षा विसर्जित न करता पवित्र जागी ठेवायला सांगतात. रुग्ण हिंदू असेल आणि फक्त तुम्ही श्रद्धाळू झाला असाल, तर विधी त्याच्या श्रद्धेप्रमाणे. तुम्ही शेजारी उभं राहून आपली प्रार्थना मनात म्हणा.

ओवी_अंबरनाथ

वही आज आणली. अंबरनाथहून परळला लोकलने रुग्णाला आणताना गर्दीचं काय करतात, तेही कोणी सांगेल का?

परळ_रात्रपाळी

दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही बसता येतं. हॉस्पिटलचा कागद वरच्या खिशात ठेवा, फाइलच्या तळाशी नको. दादरला उतरून टॅक्सी करा, परळचे जिने रुग्णाला जड जातात. पिशवीत थर्मामीटर, उलटीसाठी प्लॅस्टिकची पिशवी, पाणी, मास्क, सुकी बिस्किटं. नंबर उशिरा लागतो, तेव्हा दुपारच्या गोळ्याही बरोबरच घ्या.